साठ डॉलरांत वाचलेले शहर : चार्ल्सटन

१/
अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर, ॲशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या भूशिरावर चार्ल्सटन वसले आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या नावाने १६७० मध्ये स्थापन झालेले हे साउथ कॅरोलायना राज्यातील बंदर. त्याचे वाडे, बागा आणि बोटींच्या सहली यांची कीर्ती मोठी आहे. त्यांच्या तिकिटांची त्याहून मोठी. मार्चमधल्या एका शनिवारी, अटलांटात शिकणारी एक मराठी विद्यार्थिनी खिशात साठ डॉलर घेऊन या शहरात उतरली. त्या एका दिवसात तिला जे दिसले आणि त्यामागे जो इतिहास उभा होता, त्याचा हा धागा.

२/
हिशेब सरळ होता. जाण्यायेण्याच्या रात्रीच्या बसची तिकिटे आधीच काढलेली, त्यामुळे मुक्कामाचा खर्च नाही. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. साठ डॉलरांत शहरातली बस, एक गरम जेवण आणि एकच मोठे तिकीट बसत होते. ते तिकीट कशाचे, हेही ठरलेले होते : बंदराच्या मुखाशी असलेल्या फोर्ट समटरला नेणाऱ्या बोटीचे. किल्ल्यात शिरायला वेगळे मूल्य नाही. पण तो बेटावर आहे आणि तिथे नेणारी बोट साठपैकी निम्म्याहून अधिक डॉलर घेते.

३/
समटरचाच हट्ट का? तिचे आजोबा परळच्या एका कापड गिरणीत साचेवाले होते. मुंबईला पैसा कुठून आला, असे विचारले की ते म्हणत, "अमेरिकेत लढाई झाली तेव्हा." लहानपणी तिला ती थट्टा वाटे. पुढे कळले की ती जवळजवळ शब्दशः खरी होती. १२ एप्रिल १८६१ च्या पहाटे साडेचारच्या सुमारास चार्ल्सटनच्या बंदरात समटरवर पहिला तोफगोळा पडला आणि अमेरिकेचे यादवी युद्ध सुरू झाले. आठवडाभरातच अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली.

४/
त्या काळी इंग्लंडमधल्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून, म्हणजे गुलामांच्या श्रमातून येत असे. तो आटला तशी लँकेशायरची नजर मुंबईकडे वळली. गुजरात, खानदेश, वऱ्हाडातल्या कापसाला न भूतो असा भाव आला. मुंबईत बँका आणि कंपन्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या; बॅकबेचा समुद्र बुजवण्याच्या कंपनीचे समभाग आभाळाला भिडले. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलै १८६५ या वायदे चुकते करण्याच्या दिवशी मुंबईचे दिवाळे निघाले.

५/
त्या सट्ट्याचा नायक प्रेमचंद रायचंद याने विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला, तो आजही उभा आहे. म्हणजे चार्ल्सटनच्या बंदरातल्या तोफेचा एक दगडी प्रतिध्वनी मुंबईच्या ओव्हल मैदानाशेजारी आहे. तो मूळ आवाज जिथून निघाला ती जागा पाहावी, एवढीच या मुलीची इच्छा होती. ती वाजवीच होती. मात्र बोट दुपारची होती, हातात सबंध सकाळ होती, आणि सकाळ घालवायला पैसे नव्हते. म्हणून ती चालू लागली.

६/
बसस्थानक शहराच्या उत्तरेला, नॉर्थ चार्ल्सटनमध्ये. तिथून दोन डॉलरांची नगरबस. पहिला थांबा हॅम्प्टन पार्क : जुनी ओकची झाडे, तळे, फुललेले ताटवे, प्रवेश सर्वांना मोकळा. एकेकाळी इथे मळेवाल्यांचे घोडे शर्यतीत धावत. युद्धाच्या अखेरीस दक्षिणेच्या सैन्याने याच मैदानाचा उघडा तुरुंग केला. उत्तरेचे किमान २५७ कैदी इथे मरण पावले आणि घाईघाईने सामुदायिक खड्ड्यांत पुरले गेले.

७/
फेब्रुवारी १८६५ मध्ये शहर पडले. मळेवाले पळाले, मागे राहिले ते नुकतेच मुक्त झालेले कृष्णवर्णीय लोक. त्यांनी त्या अनोळखी सैनिकांची प्रेते उकरून एकेकाला स्वतंत्र कबर दिली आणि भोवती कुंपण घातले. १ मे १८६५ रोजी सुमारे दहा हजार माणसे इथे जमली. अग्रभागी फुले घेतलेली शाळेची मुले होती. अमेरिकेत युद्धमृतांचा जो स्मृतिदिन पाळला जातो, त्याच्या अगदी आरंभीच्या सोहळ्यांपैकी हा एक. पुढे शहराने तो विसरून टाकला. १९९० च्या दशकात डेव्हिड ब्लाइट या इतिहासकाराला जुन्या कागदपत्रांत त्याचा माग लागला, तेव्हा तो पुन्हा उजेडात आला.

८/
त्याच उद्यानात हातात सुताराच्या हत्यारांची पिशवी आणि बायबल घेतलेला एक पुतळा आहे. डेन्मार्क व्हेसी या गुलाम सुताराला १७९९ मध्ये दीड हजार डॉलरांची सोडत लागली. त्यातले सहाशे डॉलर मोजून त्याने स्वतःला विकत घेतले. बायकोमुले मात्र गुलामच राहिली. १८२२ मध्ये त्याने बंडाचा कट रचल्याचा आरोप ठेवून त्याला आणि इतर चौतीस जणांना फाशी देण्यात आले. माणसाने स्वतःची किंमत स्वतः भरावी, हा व्यवहार वाचताना त्या मुलीचा हात नकळत स्वतःच्या खिशाकडे गेला आणि तिथल्या तिथे ओशाळून मागे आला.

९/
व्हेसी ज्या समाजाच्या प्रार्थनामंदिरात जात असे, ते त्या वर्षी पाडण्यात आले. त्याच समाजाचे आजचे मंदिर म्हणजे कॅलहून रस्त्यावरील इमॅन्युएल चर्च. १७ जून २०१५ च्या संध्याकाळी तिथे बायबलवाचनाला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीय माणसांची एका वंशद्वेष्ट्या गोऱ्या तरुणाने हत्या केली. ज्याच्यावरून रस्त्याला नाव पडले तो जॉन कॅलहून हा गुलामगिरीचा कट्टर पुरस्कर्ता. जवळच्या मॅरियन चौकातला त्याचा उंच पुतळा जून २०२० मध्ये उतरवण्यात आला. रस्त्याचे नाव तसेच आहे. आणि व्हेसीच्या धास्तीपोटी उभारलेल्या शस्त्रागाराची किल्लेवजा इमारत त्याच चौकात हॉटेल होऊन राहिली आहे.

१०/
जुन्या गावात 'डॅश' नावाची बस फिरते. तिला तिकीट नाही. हातात नकाशा नसलेल्या आणि खिशात पैसे नसलेल्या प्रवाशाला चार्ल्सटनने दिलेली ही सर्वांत मोठी देणगी. ती बस त्या मुलीला सिटी मार्केटपाशी घेऊन आली. पिंकनी घराण्याने १७८८ मध्ये ही जागा शहराला दिली, ती इथे कायम बाजारच भरेल या अटीवर. छपराखाली एक वयस्क बाई गवताची टोपली विणत बसली होती. हातात चमच्याची दांडी घासून केलेले हत्यार, गवताच्या वेटोळ्यांतून ताडाची पट्टी ओवणारे.

११/
ही विणकाम-विद्या गुल्ला लोकांची, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या आणि या किनाऱ्यावर स्वतःची भाषा टिकवून राहिलेल्या माणसांच्या वंशजांची. टोपल्यांच्या रांगेत एक पसरट, उथळ घाट होता. मुलीने विचारले, "हे भात पाखडायचं का?" बाईने मान वर केली. "तुला कसं ठाऊक, बाळा?" मुलीने दोन्ही हातांनी हवेतच सूप पाखडून दाखवले. बाई खळखळून हसली. किंमत शेकड्यांत होती, तेव्हा विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. तरी बाईने तिला शेजारच्या स्टुलावर बसवून घेतले आणि टाका कसा घालायचा ते दाखवले.

१२/
ते सूप म्हणजे चार्ल्सटनच्या श्रीमंतीची किल्ली होती. अठराव्या शतकात हे शहर जे अतोनात धनवान झाले ते मुख्यतः भातामुळे, आणि त्याच्या जोडीला नीळ. मळ्यांचे मालक इंग्लंड आणि बार्बाडोसकडचे. त्यांच्या घराण्यांत भाताची परंपरा नव्हती. पश्चिम आफ्रिकेतल्या भातपट्ट्यातून आलेल्या माणसांच्या हातांत ती होती. दलदल तोडणे, बांध घालणे, भरती-ओहोटीच्या वेळा साधून गोडे पाणी शेतात घेणे, कांडणे, पाखडणे, हे सारे त्यांनीच केले. बाई सांगत होती की आता हे गवतही दुर्मीळ झाले. किनाऱ्यावर बंगल्यांच्या वसाहती झाल्या आणि जिथे कापायला जायचे तिथे फाटके लागली.

१३/
बाजारापासून थोड्या अंतरावर, दगडगोट्यांच्या चामर्स रस्त्यावर अष्टकोनी खांबांची आणि मोठ्या कमानीची एक इमारत आहे. १८५६ मध्ये शहराने भर रस्त्यावर गुलाम विकण्यास मनाई केली. त्यात दयेचा भाग नव्हता. तो देखावा पाहुण्यांसमोर शोभत नव्हता, एवढेच. मग विक्री अशा इमारतींच्या आत गेली. त्याआधी ती जवळच्या ओल्ड एक्स्चेंजच्या बाजूला उघड्यावर चाले. १७८८ मध्ये साउथ कॅरोलायनाने अमेरिकेच्या संविधानाला मान्यता दिली, तीही याच एक्स्चेंजमध्ये. एका भिंतीच्या आत संविधान, बाहेर लिलाव.

१४/
१९ जून २०१८ रोजी चार्ल्सटनच्या नगरपरिषदेने गुलामगिरीतील आपल्या सहभागाबद्दल औपचारिक क्षमा मागितली. ठराव सात विरुद्ध पाच मतांनी संमत झाला. दीडशे वर्षांनंतरही क्षमेच्या विरोधात पाच हात वर गेले, आणि तो ठराव ज्या सभागृहात झाला ते गुलामांच्याच हातांनी बांधलेले होते. इतिहास वाचणाऱ्याने असे आकडे लक्षात ठेवावेत. राजे आणि लढाया यांच्या सनावळ्यांपेक्षा एखादे शहर कुठवर आले आहे, हे ते अधिक नेमके सांगतात.

१५/
इथून दक्षिणेकडचे गाव म्हणजे चित्रातले चार्ल्सटन. घरे रस्त्याला अंग चोरून उभी. अरुंद बाजू रस्त्याकडे आणि लांब ओसरी बाजूच्या अंगणाकडे, समुद्राचा वारा घेण्यासाठी. भिंतींवर ठिकठिकाणी लोखंडी चकत्या दिसतात. ३१ ऑगस्ट १८८६ च्या भूकंपाने शहर हादरले, सुमारे साठ माणसे गेली. त्यानंतर अनेक खिळखिळ्या घरांतून आरपार लोखंडी गज घालून त्यांना आवळून धरण्यात आले, त्या गजांची ही टोके. आत जायचे तर तिकीट पडते. पण घराचे कंबरडे कुठे मोडले होते, हे बाहेरूनच दिसते.

१६/
विटाही बाहेरच्याच. आसपासच्या नद्यांकाठच्या वीटभट्ट्यांवर गुलाम स्त्रीपुरुष आणि मुले माती मळत, साच्यात थापत, ओली वीट उचलून वाळत घालत. त्यांच्या बोटांचे ठसे काही विटांत तसेच भाजले गेले. एका बोळातल्या भिंतीपाशी त्या मुलीला असे दोन खळगे सापडले. तिने आपले बोट त्यात ठेवून पाहिले. ते मावले नाही. खळगे लहान होते. ठसे मुलाचे की विटेने आकसताना केलेली फसवणूक, हे ठरवण्याचे साधन तिच्यापाशी नव्हते. ती बराच वेळ तिथे उभी राहिली.

१७/
पुढे ठायी ठायी लोखंडी फाटके : कोणावर मासा, कोणावर पक्षी, कोणावर नुसतीच वेल. त्यांतली कितीतरी फिलिप सिमन्स या कृष्णवर्णीय लोहाराने घडवलेली. १९१२ मध्ये जन्मलेला हा कारागीर पोरवयातच एका जुन्या लोहाराच्या भात्यापाशी शिकला. त्या लोहाराचा जन्म गुलामगिरीतला. सिमन्स घोड्यांचे नाल ठोकत असे. घोडे गेले तसा तो फाटकांकडे वळला आणि २००९ मध्ये निवर्तेपर्यंत त्याच्या हातून पाचशेहून अधिक कामे झाली. फाटकाच्या आतली बाग खाजगी असते, फाटक मात्र रस्त्याचे. बाहेर उभे राहणाऱ्याला कारागीर अधिक चांगला दिसतो.

१८/
पण हे सारे टिकले कसे? अमेरिकेतली बाकीची जुनी शहरे पाडून पुन्हा बांधली गेली, चार्ल्सटन का नाही? उत्तर विलक्षण आहे : पैसा नव्हता म्हणून. डिसेंबर १८६१ च्या आगीत शहराचा मोठा पट्टा जळाला, १८६३ पासून दीड वर्ष तोफगोळे पडत राहिले, मग भूकंप आला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वादळांनी उरलीसुरली भातशेतीही मोडली. पाडायला, नवे बांधायला, कित्येकदा रंग लावायलाही पैसे उरले नाहीत. म्हणून अठराव्या शतकातले घर विसाव्या शतकात तसेच उभे दिसले. शहर वाचले ते दारिद्र्यामुळे.

१९/
१९२० मध्ये सुझन प्रिंगल फ्रॉस्ट या स्त्रीने जुन्या घरांच्या रक्षणासाठी संस्था काढली. १९३१ मध्ये चार्ल्सटनने कायद्याने आपला ऐतिहासिक विभाग आखला. अमेरिकेतले ते पहिलेच उदाहरण. त्याच सुमारास ईस्ट बे रस्त्यावरच्या पडक्या घरांची डागडुजी होऊन त्यांना फिके गुलाबी, पिवळे, निळे रंग चढू लागले. आज 'रेनबो रो' म्हणून ज्या तेरा घरांसमोर छायाचित्रांसाठी गर्दी होते, ती हीच. मोठे काम झाले, यात संशय नाही. मात्र त्या पडक्या घरांत तोवर कोण राहत होते, हे छायाचित्रात येत नाही.

२०/
राहत होती ती बहुतांशी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबे, एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड. चर्च रस्त्यावरील 'कॅबेज रो' ही तशीच एक चाळ. खिडक्यांच्या कठड्यावर भाजी मांडून विकत, म्हणून हे नाव. ड्यूबोस हेवर्डने १९२५ साली 'पॉर्गी' कादंबरी लिहिली ती याच वस्तीवर बेतून, आणि तिच्यावरून गर्श्विनने १९३५ साली जगप्रसिद्ध संगीतिका केली. वस्ती अजरामर झाली, रहिवासी मात्र हलवले गेले. घर सुधारले की भाडे वाढते आणि भाडे वाढले की भाडेकरू जातो. पुढे महामार्ग आले, सभागृहे आली, मग पर्यटक आले; आणि शतकानुशतके या भूशिरावर राहिलेला समाज उत्तरेकडे, नॉर्थ चार्ल्सटनकडे सरकत गेला. पहाटेची बस जिथून निघाली होती, तिकडे.

२१/
तिथल्या पायरीवर बसून डबा उघडताना तिने फोन लावला. मुंबईत संध्याकाळ उलटून गेली होती.
"आजी, जेवलीस का?"
"आत्ताच. तू काय पाहिलंस?"
"चाळ पाहिली एक. आता दुकानं आहेत तिथे. छान रंग दिलाय."
"आणि माणसं?"
"ती लांब राहायला गेली."
पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. आजी परळची खोली सोडून बदलापूरला आली त्याला बारा वर्षे झाली होती. मग म्हणाली, "बदलापूर असेल तिथेही एखादं. तू वेळेवर खा गं."

२२/
इथे तुलना जपून करायला हवी, आणि त्या मुलीने ती जपूनच केली. चार्ल्सटनमध्ये मालक आपले गुलाम इतरांकडे भाड्याने कामाला पाठवीत आणि अशा प्रत्येकाला नगरपालिकेचा तांब्याचा बिल्ला घ्यावा लागे : त्यावर क्रमांक, वर्ष आणि धंदा. हमाल, कोळी, नोकर. नाव नाही. १७७३ मध्ये स्थापन झालेल्या चार्ल्सटन म्युझियममध्ये असे बिल्ले जपलेले आहेत. आजोबांचा गिरणीचा पितळी बिल्लाही घरच्या डब्यात आहे. त्यावरही फक्त आकडा. पण आजोबा पाळी संपली की घरी येत, संपावर जाऊ शकत, आणि १९८२ च्या जानेवारीत गेलेही. ज्याला संप करता येतो तो गुलाम नसतो. तिने दोन्ही बिल्ले मनातल्या मनात वेगवेगळ्या डब्यांत ठेवले.

२३/
बॅटरीच्या धक्क्यावर समुद्राचा वारा होता. दूर, पाच-साडेपाच किलोमीटरवर, पाण्यात एक काळसर रेघ : समटर. १८६१ च्या त्या पहाटे गावातली प्रतिष्ठित मंडळी इथल्या गच्च्यांवरून ३४ तासांचा भडिमार पाहत होती. मात्र याच पाण्याची दुसरी गोष्ट १३ मे १८६२ ची आहे. रॉबर्ट स्मॉल्स हा तेवीस वर्षांचा गुलाम खलाशी. गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपले असताना त्याने 'प्लँटर' ही लष्करी बोट हाकारली, वाटेत आपल्यांची बायकामुले घेतली, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली आणि समटरखालून जाताना भोंग्याची ठरलेली खूण दिली. किल्ल्याने बोट जाऊ दिली. सोळा माणसे स्वतंत्र झाली. हाच स्मॉल्स पुढे अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला.

२४/
धक्क्यावर उभी राहून तिने हे सारे डोळ्यांपुढे आणले, आणि तिच्या ध्यानात आले की समटर आपल्याला दिसला आहे. तरीही ती ठरल्याप्रमाणे बोटीच्या धक्क्याकडे, लिबर्टी स्क्वेअरला गेली. तिथल्या राष्ट्रीय उद्यान विभागाच्या केंद्रात युद्ध का झाले याचे प्रदर्शन आहे, तेही विनामूल्य, आणि गुलामगिरी हे त्याचे कारण होते, असे तिथे आडपडदा न ठेवता मांडले आहे. खिडकीशी रांग होती. हातात पैसे होते. पण शेजारीच, खांबांवर उचललेली एक लांब, फिकट इमारत दिसत होती. दोन्हीकडच्या तिकिटांची बेरीज उरलेल्या पैशांच्या पुढे जात होती. ती रांगेतून बाहेर पडली.

२५/
त्या इमारतीखालची जागा म्हणजे गॅड्सडेन्स व्हार्फ. उत्तर अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांपैकी सुमारे चाळीस टक्के चार्ल्सटनच्या बंदरातून आले, असा सर्वमान्य अंदाज आहे. १ जानेवारी १८०८ पासून ही आयात कायद्याने बंद होणार होती. त्याआधीच्या अखेरच्या वर्षांत व्यापाऱ्यांनी घाई केली आणि गुलामांची जहाजे याच धक्क्याला लागत राहिली. भाव चढण्याची वाट पाहत माणसे गोदामांत कोंडून ठेवली जात. कित्येक तिथेच थंडीने आणि रोगाने मेली. जून २०२३ मध्ये इथे इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम उघडले. भूमी पवित्र मानून वास्तुशिल्पकारांनी ते जमिनीपासून तेरा फूट उंच उचलले आहे.

२६/
खालची स्मृतिबाग सर्वांना मोकळी आहे. काळ्या दगडाच्या दोन भिंतींमध्ये गुडघे मुडपून बसलेल्या मानवी आकृती. आणि धक्क्याच्या जुन्या कडेशी एक उथळ तळे. त्याच्या तळाशी दाटीवाटीने निजवलेली माणसे कोरली आहेत, ब्रुक्स या गुलामवाहू जहाजाच्या प्रसिद्ध आराखड्यात असतात तशी. पाणी भरते, त्यांच्यावर चढते, ओसरते. एक लहान मूल धावत आले आणि तळ्याच्या काठावर आपण होऊन थांबले. त्याला कोणी काही सांगितले नव्हते.

२७/
वरच्या संग्रहालयाचे वीसेक डॉलरांचे तिकीट तिने काढले ते तिथल्या कुटुंब-इतिहास केंद्रासाठी. कृष्णवर्णीय अमेरिकन आपले पूर्वज शोधू लागला की बहुधा १८७० पाशी अडतो. त्याआधीच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी असे : मालकाचे नाव, आणि त्याखाली वय, लिंग, वर्ण. गुलामाचे नाव लिहीत नसत. १८७० मध्ये पहिल्यांदा ही सगळी माणसे नावानिशी नोंदली गेली. शेजारच्या मेजावर एक म्हातारे जोडपे पडद्यावर सरकणाऱ्या नोंदी पाहत होते. एका ओळीवर बाईचे बोट थांबले. दोघेही काही बोलले नाहीत. त्या बोटीच्या सहलीत हे दृश्य नव्हते.

२८/
संध्याकाळी ती रॅव्हनेल पुलावर चढली. २००५ मध्ये झालेल्या या झुलत्या तारांच्या पुलावर पादचाऱ्यांसाठी वेगळा मार्ग आहे, त्यालाही पैसे नाहीत. वरून सारे बंदर दिसते. डावीकडे दूर सलिव्हन्स बेट. जहाजांतून आलेल्या गुलामांना रोगाच्या भीतीने आधी तिथे ठेवत. या माणसांच्या स्मृतीसाठी रस्त्याकडेला साधे बाकसुद्धा नाही, अशी खंत लेखिका टोनी मॉरिसन यांनी व्यक्त केली होती. २००८ मध्ये त्यांच्या वाचकांनी त्या बेटावर एक काळे बाक बसवले. त्यावर बसायला पैसे लागत नाहीत. तिथवर जायला मात्र मोटार लागते, आणि ती तिच्या हिशेबात नव्हती. काही जागा फुकट असूनही गरिबाला दूर असतात.

२९/
उतरून तिने एका टपरीवर टोमॅटोत शिजवलेला तांबडा भात खाल्ला. पश्चिम आफ्रिकेतून आलेली चव, या किनाऱ्याचे तांदूळ. मग दोन डॉलरांची बस धरून ती उत्तरेला निघाली. बसमध्ये हॉटेलांतले आचारी, सफाईवाल्या, बाजारातून परतणाऱ्या बायका होत्या. दिवसभर जे शहर झळाळत होते त्याला झळाळी देणारी माणसे त्याला सोडून घरी चालली होती. टोपल्यांची पेटी मांडीवर घेऊन एक बाई झोपी गेली होती. सकाळच्या बाईसारखीच दिसत होती, पण ती नव्हती.

३०/
तेव्हा चार्ल्सटनला कमी पैशांत जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे. वाड्यांची तिकिटे मालकांच्या दिवाणखान्यापर्यंत नेतात. ज्यांनी वाडे बांधले त्यांची खूण पुष्कळदा बाहेरच्या भिंतीवर, फाटकावर, बागेतल्या फलकावर, बाजारातल्या सुपावर असते, आणि ती पाहायला फक्त चालावे लागते. एकच तिकीट परवडत असेल तर जिथे नावे शोधली जातात तिथले काढावे. रात्री स्थानकाच्या बाकावर त्या मुलीने उरलेले पैसे मोजले; सोळा डॉलर होते. मग वहीच्या शेवटच्या पानावर तिने आजोबांचे पूर्ण नाव लिहिले, गिरणीचे नाव लिहिले, आणि बिल्ल्यावरचा आकडा आजीला विचारायचा आहे, अशी नोंद केली.